साइडलाइनवरचा परिप्रश्न

अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात आणि उरलेले बहुतेक जग ज्याला फुटबॉल म्हणते, त्या खेळाच्या स्पर्धात्मक युवा क्लबांत मुलांना घालणाऱ्या पालकांच्या तक्रारी हंगामागून हंगाम जवळजवळ त्याच असतात: कोच मुलांवर ओरडतो, ठरावीक मुलांनाच खेळवतो, सरावाला काही आखणी नसते, संघ सतत हरत असूनही ‘मुले शिकत आहेत’ एवढेच उत्तर मिळते, किंवा याच्या नेमके उलट, संघ जिंकत असतो पण मुलाला चेंडू पायाशी ठेवता येत नाही, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे क्लब नेमका कुठे चालला आहे हे कोणी सांगत नाही. अशा तक्रारी सामान्यतः व्यवस्थापनाचा प्रश्न समजून हाताळल्या जातात, म्हणजे एखादी बैठक होते, एखादे पत्र जाते आणि प्रकरण मिटते, नाही तर कुटुंब क्लब बदलते. त्यांच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, आणि गुरू, शिष्य, कर्म व फळ या शब्दांच्या आधाराने भारतीय परंपरेने त्याचा पुष्कळ खल केलेला आहे: कर्म एकाचे आणि त्याची चिंता दुसऱ्याला, अशी स्थिती असते तेव्हा ती चिंता कर्तव्य कधी ठरते आणि आसक्ती कधी?

हा प्रश्न ज्या व्यवस्थेत उभा राहतो ती आधी समजून घेणे भाग आहे. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनने ‘प्रत्येकाने खेळायचे’ हे तत्त्व पायाभूत मानले. तिच्या रीतीप्रमाणे प्रत्येक मूल सामन्याचा किमान अर्धा वेळ मैदानात असते, संघ एकमेकांच्या तोलाचे राहतील अशा बेताने पाडले जातात, आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात, बहुधा कोणाचे तरी आई किंवा वडील. स्पर्धात्मक क्लब या कल्पनेच्या दुसऱ्या टोकाला आहेत. तेथे ट्रायआउट, म्हणजे निवडचाचणी, होते. मुले पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या संघांत वाटली जातात. कोचला पगार किंवा मानधन असते, सगळ्या कोचांवर एक प्रशिक्षण-संचालक नेमलेला असतो, आणि हा खर्च मुख्यतः पालकांच्या खिशातून भागतो. युरोपातील व्यावसायिक क्लब आपल्या अकादमीत तयार झालेला खेळाडू पुढे दुसऱ्या क्लबाला देताना मिळणाऱ्या रकमेतून काही खर्च भरून काढू शकतात; अमेरिकेतील बहुतेक युवा क्लबांना तो मार्ग उपलब्ध नसल्याने त्यांचे गिऱ्हाईक पालक हेच असते. शिष्य एक आणि दक्षिणा देणारा दुसरा, ही परिस्थिती गुरुकुलालाही अपरिचित नव्हती. परंतु तेथे दक्षिणा विद्या पुरी झाल्यावर द्यायची असे, येथे शुल्क विद्येच्या आधी भरावे लागते.

या शुल्कामागे अनेक घरांत महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा एक न बोललेला हिशेब असतो. तो तपासून पाहणे अवघड नाही. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीत २०२५ पर्यंत पुरुषांच्या संपूर्ण सॉकर संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्याही पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जात. महिलांच्या संघाला ही मर्यादा १४ होती. पुढे एका न्यायालयीन तडजोडीने नियम बदलले आणि ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांत शिष्यवृत्त्यांऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर, २८ वर, मर्यादा आली. पण त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने मांडलेला हिशेब अधिक भरवशाचा झाला असे कोणी म्हणणार नाही.

तरीही पालकाची सगळी चिंता हिशेबाची म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. अधिकाराचा विचार करण्यापूर्वी ज्ञानाचा विचार केला पाहिजे, कारण कोच चांगला की वाईट हे पालकाला कळते कसे, याचे उत्तर मिळाल्याखेरीज त्याने बोलावे की गप्प बसावे हे ठरवता येत नाही. न्यायदर्शनाने ज्ञानाची जी साधने, म्हणजे प्रमाणे, मानली त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात: डोळ्यांसमोर दिसते ते प्रत्यक्ष, दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज ते अनुमान, आणि भरवशाच्या माणसाचे सांगणे तो शब्द.

प्रत्यक्षाची मर्यादा एका उदाहरणावरून दिसते. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांची मुले सात विरुद्ध सात अशी खेळतात आणि त्यांच्या मैदानावर एक जादा रेषा आखलेली असते. गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की प्रतिस्पर्ध्यांनी त्या रेषेमागे जायचे, आणि गोलरक्षकाने चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायचा नाही, असा नियम आहे. हेतू हा की मुलांनी जवळच्या सोबत्याला पास देत मागून खेळ उभा करायला शिकावे. शनिवारी सकाळी काय घडते ते असे: गोलरक्षक मुलगी चेंडू खाली ठेवते, डावीकडच्या मुलाला देते, त्या मुलाच्या पायाला लागून चेंडू हातभर पुढे जातो, तेवढ्यात रेषेपलीकडून दोघे धावत येतात, चेंडू हिसकावला जातो आणि गोल होतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. साइडलाइनवर घडीच्या खुर्च्यांत बसलेल्या पालकांतून ‘लांब मार, लांब मार’ असा आवाज उठतो, कोच हाताने ‘खाली, खाली’ अशी खूण करतो, आणि तो मुलगा चेंडू येण्याआधीच एकदा कोचकडे आणि एकदा वडिलांकडे पाहतो. पालकाला प्रत्यक्ष दिसतात ते चार गोल. दिसत नाही ते आठवड्यातले दोन-तीन सराव. आणि त्या मुलाची मान चेंडूऐवजी माणसांकडे का वळते हे तर दिसत असूनही लक्षात येत नाही.

अनुमानाची गत याहून अवघड आहे. धूर दिसला की अग्नी असतो हे अनुमान टिकते, कारण धूर आणि अग्नी यांचे साहचर्य, ज्याला न्यायशास्त्र व्याप्ती म्हणते, कुठेही मोडत नाही. ‘संघ जिंकतो, म्हणून शिकवणे चांगले’ या अनुमानाला तशी व्याप्ती नाही. जिंकणे हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, चांगल्या शिकवण्यासोबत आढळतो तसा वाईट शिकवण्यासोबतही आढळतो, आणि अशा दोन्हीकडे सापडणाऱ्या हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणजे भरकटणारा हेतू म्हणून बाद करतात. लहान वयात सामना पुष्कळदा तोच संघ जिंकतो ज्याच्याकडे आधी वाढलेली दोन-तीन दांडगी मुले असतात. वयोगट ज्या तारखेपासून मोजला जातो त्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुले निवडक संघांत प्रमाणापेक्षा जास्त आढळतात, ही गोष्ट १९८० च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीपासून पुढे युरोपातील फुटबॉलपर्यंत अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवली आहे. तिला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. अमेरिकी सॉकर महासंघाने २०१५ मध्ये जन्मवर्षानुसार गट पाडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जानेवारीतली मुले मोठी ठरली. आता २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख युवा संघटना १ ऑगस्टपासून वय मोजणार असल्याने तो मान ऑगस्टमधल्या मुलांकडे जाईल. दिनदर्शिकेचे पान बदलताच ज्या मुलांची ‘गुणवत्ता’ बदलते, त्यांच्या गोलफलकावरून कोचची योग्यता ठरवणे हे तर्कशास्त्र नव्हे. हीच कसोटी क्लबच्या जाहिरातीलाही लावायला हवी: तेथे मिरवलेले चषकही त्याच भरकटणाऱ्या हेतूचे बनलेले असतात.

राहता राहिला शब्द. ज्या मराठी आई-वडिलांचे बालपण क्रिकेटवर पोसले गेले आणि ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात सॉकर खेळतात, त्यांना तर या प्रमाणावाचून दुसरा आधारच नसतो. खेळाचे बारकावे त्यांना कळत नसल्याने कोच म्हणेल ते खरे. शब्द प्रमाण कधी ठरतो याविषयी न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट आहे: बोलणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे त्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान असले पाहिजे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. कोचच्या ज्ञानाची काही खूण प्रशिक्षणाच्या परवान्यांवरून पटते. महासंघाचे प्राथमिक पातळीपासून वरच्या पातळीपर्यंत चढत जाणारे परवाने असतात आणि कोणाकडे कोणता आहे हे विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. दुसरी अट अधिक बिकट आहे. ‘तुमचा मुलगा प्रगती करतो आहे’ हे वाक्य उच्चारणाऱ्याचे पोट पुढच्या हंगामाच्या नोंदणीवर अवलंबून असेल, तर त्याच्या ज्ञानाविषयी शंका नसूनही त्याचे वाक्य आप्तवाक्य राहत नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी तेथील संघांची नावे अजूनही तालमींचीच आहेत. पेठेत राहणाऱ्या वस्तादाची आप्तता पारखायला पेठ पुरेशी होती, कारण त्याचे बोलणे आणि वागणे दोन्ही रोज सगळ्यांसमोर असे. (त्या जगातही मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा फारशी नव्हती, हे विसरून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.) तीस मैलांवरून गाडीने येणाऱ्या आणि दोन हंगामांनी दुसऱ्या क्लबात जाणाऱ्या कोचच्या बाबतीत ही सोय नसते, म्हणून येथे आप्तता विचारून तपासावी लागते. विचारणे हा अविश्वास आहे, हा समज येथूनच चुकीचा ठरू लागतो.

विचारण्याचा अधिकार मात्र कोणत्या प्रकारचा, हे पाहण्यासाठी कर्मयोगाकडे वळावे लागते. आणि तेथेच एक मोठा गैरवापर आढळतो. ‘निकालाकडे पाहू नका, प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे स्पर्धात्मक क्लबांचे लाडके वाक्य आहे, आणि भारतीय घरांत ते ऐकताच निष्काम कर्माची आठवण होऊन पालक ओशाळतो, कारण फळाची अपेक्षा करणे कमीपणाचे हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशेचा त्याग आणि फळाचा विचारच न करणे यांतला भेद आग्रहाने मांडला आहे: कर्माचा परिणाम काय होईल हे जाणूनच ते करायचे असते, सोडायचा असतो तो ‘हे फळ मलाच आणि असेच मिळाले पाहिजे’ हा हट्ट. या भेदाने पाहिले तर क्लबचे ते वाक्य अर्धेच आहे. प्रक्रियेवर विश्वास ठेवायला सांगणाऱ्याने प्रक्रिया कोणती, ती कोणत्या परिणामासाठी, आणि ती चुकते आहे हे कशावरून ओळखायचे, हे सांगितले पाहिजे. तसे न सांगता नुसता विश्वास मागणे म्हणजे निष्कामतेचे ओझे शुल्क भरणाऱ्यावर टाकून शुल्क घेणाऱ्याने सकाम राहणे होय.

याच सिद्धांताची दुसरी धार पालकाला लागते, आणि ती अधिक तीक्ष्ण आहे. गीतेतला कर्माचा अधिकार कर्त्याला दिलेला आहे. मैदानावर कर्ता मूल असते. साइडलाइनवरच्या माणसाला त्या कर्मात अधिकार नाही, मग त्या कर्माच्या फळात तर त्याचा प्रवेश कुठून व्हायचा? अर्जुनाला स्वतःच्या कर्माचे फळ सोडायला सांगितले गेले. दुसऱ्याच्या कर्माच्या फळावर हक्क सांगण्याचा विचार तर अर्जुनालाही सुचला नव्हता. घरी परतताना गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला ‘तो पास का दिलास’ म्हणून विचारणारा बाप कितीही प्रेमाने विचारत असला, तरी तो त्या क्षणी मुलाचे कर्म आपल्या नावावर करून घेत असतो. पालकाचे स्वतःचे कर्म निराळे आणि बरेच मर्यादित आहे: क्लब निवडणे, वेळेवर नेणे-आणणे, शिकवणाऱ्याला योग्य जागी योग्य प्रश्न विचारणे, आणि गरज पडल्यास मुलाला तेथून काढणे. या कर्माच्या बाबतीत मात्र तो कर्ता आहे, आणि ते न करणे हा त्याग नसून हयगय आहे.

त्यांतही प्रश्न विचारण्याला परंपरेने दिलेले स्थान फार वरचे आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग एकत्र सांगितले आहेत, ते प्रणिपात म्हणजे नम्रतेने शरण जाणे, परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारणे, आणि सेवा. रूढ गुरुभक्तीने यांतले पहिले आणि तिसरे ठेवून मधले गाळले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे आधी आणि शिष्याची लक्षणे नंतर सांगितली, व शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियांना आवर घालायला शिकवत नाहीत, अशा गुरूंना खुशाल टाकावे असे बजावले; हा क्रम अपघाताने आलेला नाही. नऊ वर्षांचे मूल स्वतः गुरुपरीक्षा करू शकत नाही, म्हणून ती त्याच्या वतीने पालकाने करायची असते. पालकाचा अधिकार आहे तो इतकाच, आणि हा उसना अधिकार आहे. मूल जसजसे स्वतः विचारू लागेल तसतसा तो परत करायचा आहे.

परिप्रश्न गाळला गेला की काय होते याचे उत्तर अमेरिकी सॉकरलाच महागात मिळाले. व्यावसायिक महिला लीगमधील कोचांकडून झालेल्या छळाच्या व लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणांवर महासंघाने वकील सॅली येट्स यांच्याकडे चौकशी सोपवली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या अहवालाने या दुखण्याची मुळे व्यावसायिक लीगपुरती न ठेवता युवा सॉकरपर्यंत नेली, जेथे कोचची शिवराळ भाषा आणि कोच-खेळाडू यांच्यातील पुसट झालेल्या मर्यादा मुलींना नेहमीच्या वाटू लागतात. प्रौढ, नामांकित खेळाडू वर्षानुवर्षे गप्प राहिल्या, त्याचे एक कारण असे की ओरडणे म्हणजेच शिकवणे हे त्यांना बालपणीच शिकवले गेले होते. ‘कोच कडक आहे, पण त्याने मुलांचे भलेच होते’ असे म्हणणाऱ्या पालकाच्या वाक्यातला ‘पण’ तपासून पाहिला पाहिजे तो यासाठी.

भले कशाचे, याविषयी स्कॉटिश तत्त्वज्ञ ॲलेस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात दिलेले उदाहरण येथे चपखल बसते. सात वर्षांच्या एका हुशार मुलाला बुद्धिबळ शिकवायचे आहे. त्याला त्यात रस नाही, पण गोळ्या-चॉकलेटांचा सोस आहे. म्हणून त्याला आठवड्याला पन्नास सेंटची गोळ्या-चॉकलेटे आणि जिंकल्यास आणखी पन्नास सेंटची, असे आमिष दाखवले जाते. जोवर ते खाण्यासाठीच तो खेळतो तोवर लबाडी न करण्याचे त्याला काहीच कारण नाही. पुढे कधी तरी त्याला पटावरच्या विचाराची गोडी लागते, आणि मग लबाडी केली तर फसवणूक त्याची स्वतःची होते. पहिल्या प्रकारच्या लाभांना मॅकिंटायर बाह्य आणि दुसऱ्यांना आंतरिक म्हणतात, आणि पुढे असे दाखवतात की कोणतीही साधना संस्थेवाचून टिकत नाही, पण संस्था पैसा व प्रतिष्ठा या बाह्य लाभांवरच जगत असल्याने ती आपल्याच साधनेला सतत भ्रष्ट करू पाहते. क्लब ही अशी संस्था आहे. पहिला संघ, लीगचे नाव, जाकिटावरचे बोधचिन्ह, शिष्यवृत्ती ही सगळी ती पन्नास सेंटची चॉकलेटे. आणि विचित्र गोष्ट ही की ती मुलापेक्षा पालकालाच अधिक आवडतात, व क्लबला हे ठाऊक असते. म्हणून ‘क्लबची दिशा चुकली आहे’ अशी तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःची तक्रार उघडून पाहावी. चेंडू दोन्ही पायांनी घेता येत नाही, चुकण्याची भीती बसली आहे, सरावाला जायचे म्हटले की पोटात दुखते, ही तक्रार आंतरिक लाभाची आहे आणि ती कितीही जोराने करता येते. शेजारच्या घरातला मुलगा वरच्या लीगमध्ये गेला, ही तक्रार चॉकलेटाची आहे.

आंतरिक लाभाच्याही पलीकडे आणखी एक थर आहे, ज्याला वेदान्त लीला म्हणतो. पूर्णकाम ईश्वराने जग कशासाठी निर्माण केले या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर दिले आहे ते केवळ खेळ म्हणून, आणि भाष्यात शंकराचार्यांनी ज्याला काही मिळवायचे उरले नाही अशा राजाच्या क्रीडेचा दाखला जोडला आहे. प्रयोजन नसूनही पूर्ण असलेल्या कृतीची कल्पना करायची वेळ आली, तेव्हा सर्वांत गंभीर तत्त्वज्ञानालाही खेळच आठवला. स्पर्धात्मक क्लब या खेळाला प्रयोजन चिकटवतो. थोडे प्रयोजन शिस्तीला लागतेच, पण ते किती आणि कोणत्या वयात, हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो समाजाने ठरवला तर ठरवता येतो. नॉर्वेने १९८७ पासून लहान मुलांच्या खेळासाठी नियमच केले आहेत, आणि आजही तेथे तेरा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होत नाहीत. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात खेळण्याचा हक्क आणि स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क, दोन्ही आहेत. त्या करारावर अमेरिकेने सही केली असली तरी त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही.

अमेरिकेतील अनेक क्लबांत एक नियम असतो: सामना संपल्यावर चोवीस तास पालकाने कोचशी खेळाविषयी बोलू नये. नियम शहाणपणाचा आहे, कारण त्या वेळी बोलते ती बहुधा फलाशाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्यात दुसरे चोवीस तास आहेत: अल्पवयीन खेळाडूंशी काम करणाऱ्या प्रौढाला मुलाच्या छळाचा संशय आला तर त्याने चोवीस तासांच्या आत तो कळवलाच पाहिजे. पालकाने पहिला नियम पाळावा आणि दुसरा आपल्या क्लबात प्रत्येकाला माहीत आहे की नाही हे विचारावे. आणि पंचविसाव्या तासाला शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीच तेथे नसेल, तर पुढच्या हंगामाचे शुल्क भरू नये.